काळा घोडा उन्हाळ्यात तांबूस पडू नये म्हणून चंदी-वैरण कशी ठेवावी

काळा किंवा गडद कुमाईत (तांबूस-तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा) घोडा पाळणाऱ्याची तक्रार चैत्र सरता सरता ठरलेली असते. पागेच्या सावलीत जनावर काळेभोर दिसते आणि बाहेर उन्हात उभे केले की पाठीवर, बरगड्यांवर आणि आयाळीच्या टोकांना विटकरी झाक आलेली दिसते. त्यानंतर धावाधाव सुरू होते. कोणी चंदीत, म्हणजे रोजच्या दाण्याच्या खाद्यात, तेल ओततो, कोणी तूप चारतो, कोणी गुळाचे खडे वाढवतो. वैशाखात केलेल्या या खटाटोपाचा त्या उन्हाळ्यातील रंगावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, कारण कातडीच्या बाहेर आलेला केस हा निर्जीव असतो आणि त्यात आता कोणतेही अन्न पोहोचत नाही. रंग केसात भरला जातो तो केस कातडीच्या आत, मुळाशी तयार होत असताना. म्हणून उन्हाळ्याच्या रंगाची तयारी पौष-माघात करावी लागते, आणि उन्हाळ्यात करायचे ते मुख्यतः असलेला रंग जपण्याचे काम असते.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर खांद्याजवळचे चार-पाच केस उपटून पांढऱ्या कागदावर ठेवावेत आणि कागद उन्हात धरावा. मूळ काळे आणि फक्त टोक तांबूस असेल, तर रंग नीट भरला होता व तो नंतर उन्हाने आणि घामाने उडाला, असे समजावे. केस मुळापासून टोकापर्यंत सारखाच फिका, रखरखीत आणि हाताला राठ लागत असेल, तर दोष बहुधा आहारात किंवा प्रकृतीत आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत; पहिल्याला सावली लागते, दुसऱ्याला चंदी.

घोड्याची हिवाळी लव गळणे हे थंडी-उन्हापेक्षा दिवसाच्या लांबीवर अधिक अवलंबून असते. डिसेंबरच्या अखेरीपासून दिवस वाढू लागतो आणि आपल्याकडे जानेवारीचा शेवट ते मार्च या काळात खराऱ्याला (अंग घासण्याच्या दातेरी साधनाला) केसांचे पुंजके लागू लागतात. त्याच वेळी खालून उन्हाळी केस येत असतो. त्यामुळे आहारातील बदल पहिला पुंजका हातात येण्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू झालेला असावा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून नवे जनावर आणले असेल, तर त्याला नव्या जागेची सवय होताच हे काम हाती घ्यावे. मुहूर्त त्याहून चांगला सापडणार नाही.

सुरुवात वजनापासून करावी, कारण पुढचे सगळे आकडे वजनावरच ठरतात. वजनकाटा नसला तरी साधा फितीचा हिशेब पुरतो. पुढच्या पायांच्या मागून, मानेच्या उंचवट्यावरून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६५ आणि लांबी १५० सेंटिमीटर असेल तर वजन सुमारे ३४४ किलो येते. पुढील उदाहरणांत मी ३५० किलोचा, दिवसाला तास-दीड तास हलके काम करणारा घोडा धरला आहे.

अशा घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे ७ किलो सुके खाद्य लागते आणि त्याचा मोठा हिस्सा वैरणीचाच असला पाहिजे. माझ्याकडील मांडणी अशी असते: ५ किलो चांगले वाळलेले मारवेल किंवा तत्सम गवत, ५ किलो हिरवा लसूणघास (त्यात पाणीच अधिक असल्याने तो सुका मोजला तर जेमतेम किलोभर भरतो), १ किलो भरडलेले जव किंवा ओट, अर्धा किलो हरभरा, १०० ग्रॅम जवस, मीठ आणि खनिज मिश्रण. गवत मिळत नसेल तर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी चालते, पण तिच्यात प्रथिने कमी असल्याने लसूणघास थोडा वाढवावा लागतो. वैरण मात्र माघातच भरून ठेवावी. वैशाखात ती महागही होते आणि उरलेसुरले, पावसाने भिजून काळे पडलेले पेंढेच पदरात पडतात. चिपळूणच्या परिसरातील छावणीच्या अंमलदारांना पाठविलेल्या पत्रात, साठवलेली दाणा-वैरण आधीच बेहिशेबी उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असे शिवाजी महाराजांनी बजावले होते. साठ्याचा हिशेब पुढच्या ऋतूवर नजर ठेवून करायचा असतो, हे पागा सांभाळणाऱ्याला तेव्हाही सांगावे लागत होते.

आता रंगाकडे वळू. केसाचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो आणि ते तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) काम करण्यासाठी तांबे लागते. तांबे कमी पडले की केसात रंग अपुरा भरतो आणि काळा घोडा तपकिरी, कुमाईत घोडा मातकट दिसू लागतो. जस्ताचा संबंध कातडी, केस आणि खूर यांच्या घडणीशी आहे. ५०० किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला १०० मिलिग्रॅम तांबे आणि ४०० मिलिग्रॅम जस्त लागते, असे घोड्यांच्या पोषणाचे सर्वमान्य कोष्टक सांगते. त्या हिशेबाने ३५० किलोच्या घोड्याला ७० आणि २८० मिलिग्रॅम ही किमान गरज झाली. आपल्याकडील सुक्या गवताच्या एका किलोत तांबे बहुधा १० मिलिग्रॅमच्या आतच असते, त्यामुळे नुसत्या वैरणीवर ही गरज काठावर भागते किंवा भागतच नाही. ही दोन्ही खनिजे एकमेकांच्या प्रमाणात, एकास तीन ते चार अशी राहावीत. एकटे तांबे किंवा एकटे जस्त भरमसाट वाढविण्यात अर्थ नाही.

तूट भरून काढण्याचा सरळ मार्ग म्हणजे खनिज मिश्रण. घोड्यांसाठीचे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास जनावरांच्या औषधांच्या दुकानातील साधे खनिज मिश्रण चालते, मात्र त्यात वाढीसाठीचे कोणतेही औषध मिसळलेले नाही, याची पाकीट वाचून खात्री करावी. वाचता वाचता हिशेबही करावा. तांबे ०.१ टक्का लिहिले असेल तर ३० ग्रॅम मिश्रणातून ३० मिलिग्रॅम तांबे मिळते, आणि वैरणीतून येणारे त्यात मिळविले की गरज भागते. सेलेनियम असलेली दोन वेगवेगळी मिश्रणे एकाच वेळी कधीही देऊ नयेत. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतील अंतर फार थोडे असते आणि ते जास्त झाले तर आयाळ व शेपटीचे केसच गळतात, म्हणजे रंगासाठी केलेला उपाय केसांवरच उलटतो. तांबे लागते म्हणून शेतघरात पडलेला मोरचूद (तांब्याचे सल्फेट) चिमटीने चंदीत टाकण्याचा सल्ला मी प्रत्यक्ष ऐकलेला आहे. तो कोणीही ऐकू नये, मोजमाप चुकले तर आतड्याला इजा होते. तांब्याच्या घंगाळात पाणी ठेवून गरज भागेल, हीही समजूत व्यर्थ आहे, कारण त्या पाण्यात उतरणारे तांबे फारच अल्प असते. लोहाची तर काळजीच करू नये. गवत, माती आणि विहिरीचे पाणी यांतून ते गरजेपेक्षा अधिकच मिळते, त्यामुळे रक्तवाढीची लोहयुक्त औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देण्याचे कारण नाही.

केस हा जवळजवळ सगळा केरॅटिन या प्रथिनाचाच बनलेला असल्याने प्रथिने कमी पडली तर खनिजे देऊनही केस राठ येतो. या बाबतीत आपला हरभरा आणि लसूणघास ही जोडी परदेशी पाकिटांपेक्षा कुठेही उणी नाही. हरभरा मात्र सहा ते आठ तास भिजवून, पाणी निथळूनच तोबऱ्यात (घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत) घालावा, कारण कोरडा हरभरा भराभर खाल्ला गेला तर पोटात फुगतो आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने पोटशुळावाचून त्याला वाट राहत नाही. हिवाळ्यात रात्रभर भिजवलेला हरभरा सकाळी ताजा असतो. एप्रिलमध्ये त्याच बादलीवर पहाटेपर्यंत पांढरा फेस धरतो आणि आंबूस वास येतो. असा हरभरा टाकून द्यावा. उन्हाळ्यात मी तो मध्यरात्रीच्या सुमारास भिजत घालतो, किंवा तेवढे जमत नसेल तर भरडून, पाण्याचा हात लावून देतो.

तकाकीसाठी एकच पदार्थ निवडायचा झाला तर मी डोळे मिटून जवस निवडीन. विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी घरोघरी असणारा हा दाणा ओमेगा-३ मेदाम्लांनी भरलेला असतो. ही मेदाम्ले ताज्या गवतात असतात आणि गवत वाळले की बरीचशी नाहीशी होतात, म्हणून कोरड्या वैरणीवरच्या घोड्याला त्यांची उणीव अधिक भासते. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला १०० ग्रॅम पुरेसे आहेत, पण सुरुवात २० ते २५ ग्रॅमने करून दोन आठवड्यांत तेथपर्यंत पोहोचावे. अख्खा दाणा गुळगुळीत असल्याने बराचसा तसाच लिदीतून बाहेर पडतो, म्हणून तो भरडावा आणि भरड कोरड्या चंदीत मिसळून लगेच द्यावी. आठवड्याची भरड एकदम करून ठेवण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच तिला खवट वास येतो आणि घोड्याचे नाक आपल्यापेक्षा तिखट असल्याने तो संपूर्ण तोबराच नाकारतो.

शिजवून द्यायचा असेल तर पद्धतीकडे लक्ष द्यावे. जवसात सायनाइड मोकळे करू शकणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात आणि दाणा गार किंवा कोमट पाण्यात तासन्‌तास भिजला तर त्यातील विकर ते काम सुरू करतो. म्हणून आधी पाण्याला खळखळून उकळी आणावी, मगच जवस त्यात सोडावे आणि भांड्यावर झाकण न ठेवता दहा-पंधरा मिनिटे उकळावे. विकर नष्ट होतो, वायू उडून जातो आणि दाणा बुळबुळीत खिरीसारखा होतो. ही खीर गार करून त्याच दिवशी संपवावी. रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी तसेच देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी.

तेलाबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या काळ्या घोडीला रंग यावा म्हणून मी एका सकाळी पाव लिटर शेंगदाण्याचे तेल चंदीवर ओतले. दुपारपर्यंत लीद पातळ झाली, संध्याकाळी तिने वैरणीला तोंड लावले नाही आणि तेलकट तोबऱ्यावर माशांचे मोहोळ बसले ते वेगळेच. घोड्याला पित्ताशय नसते. त्याचे पित्त थेंबाथेंबाने सतत आतड्यात येत राहते, त्यामुळे तेलाची सवय त्याला हळूहळूच होते. तेल द्यायचेच असेल तर १५ मिलिलिटरने सुरू करून तीन आठवड्यांत ५० ते ७५ मिलिलिटरपर्यंत जावे आणि ते दोन वेळच्या चंदीत विभागावे. जवसाचे किंवा सोयाबीनचे तेल शेंगदाणा-सूर्यफुलाच्या तेलापेक्षा बरे, कारण नंतरच्या दोहोंत ओमेगा-३ जवळजवळ नसते. तेल वाढले की ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते, आणि हे जीवनसत्त्व साठवलेल्या गवतात महिन्यागणिक घटत जाते. ज्याच्याकडे रोज हिरवा लसूणघास आहे त्याला याची चिंता नाही. ज्याच्याकडे पाण्याअभावी हिरवे काहीच नाही, त्याने डॉक्टरांना विचारून ई जीवनसत्त्व वेगळे द्यावे.

हिरव्या चाऱ्यात सगळेच सारखे नसते. हत्तीघास आणि उसाचे वाढे उन्हाळ्यात सहज मिळतात, पण त्यांतील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकून पडते. ते रोजचे मुख्य खाद्य करू नयेत, आणि थोडे दिले तरी सोबत लसूणघास असावाच. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसून खुरटलेली हिरवी ज्वारी मात्र घोड्याला अजिबात दाखवू नये. तिच्यातील सायनाइडने जनावर दगावू शकते.

उन्हाळ्यात रंग जपण्याच्या कामात मीठ आणि पाणी यांना पहिला मान आहे. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा अधिक खारट असतो आणि तो अंगावर वाळला की केस खरबरीत होतो व उन्हाने रंग लवकर उडतो. खोगिराच्या कडेने आणि तंगाच्या रेषेत तांबूस पट्टा दिसतो तो याचमुळे. शरीरातून गेलेले मीठ परत द्यावे लागते. काम नसेल तेव्हा रोज २० ते २५ ग्रॅम आणि घाम गाळणारे काम असेल तर ४० ते ५० ग्रॅम साधे मीठ दोन वेळांत विभागून चंदीत घालावे. सैंधवाचा खडा गव्हाणीत टांगणे चांगले, पण घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसल्याने नुसत्या चाटण्यावर सगळी गरज भागेल, असे धरू नये. मीठ द्यायचे तर समोर पाणी हवेच. खानदेशातील मे महिन्यात याच घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर, आणि कामाच्या दिवशी त्याहूनही अधिक पाणी लागते. उन्हात तापलेल्या लोखंडी टाकीतील पाणी घोडा पोटभर पीत नाही, म्हणून टाकी सावलीत असावी.

लोकप्रिय पदार्थांपैकी गूळ हा चवीपुरता, मूठभर, औषध लपविण्यासाठी ठीक आहे. तो साखरच आहे, त्याने रंग येत नाही. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद कॅल्शियमच्या कितीतरी पट असते, म्हणून रोज किलो-दोन किलो कोंडा चारला तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि तोंडाची हाडे सुजतात. आठवड्यातून एखादे वेळी ओला कोंडा दिला तर बिघडत नाही. बाजारात ऐट मिरवणाऱ्या घोड्यांना लिटरवारी दूध पाजल्याच्या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात, पण तीन वर्षांपुढील घोड्याला दुधातील साखर नीट पचत नाही, आणि कच्च्या अंड्याचा पांढरा बलक तर केस-खुरांना लागणारे बायोटिन बांधून ठेवतो. तूप हा मेदच आहे, तेलापेक्षा महाग इतकेच. परदेशात काळ्या घोड्यांना गोडसर लाल मिरचीची पूड चारण्याची चाल आहे. ते वाचून कोणी घरचे लाल तिखट तोबऱ्यात घालू नये. मिरचीतील कॅप्सेसिन हे आंतरराष्ट्रीय अश्वस्पर्धांत बंदी असलेले द्रव्य आहे आणि २००८ च्या ऑलिंपिकमध्ये काही घोडे त्यावरूनच अडकले होते.

स्वस्त पडते म्हणून गाई-म्हशींची किंवा कोंबड्यांची पोत्यातील खाद्ये घोड्याला देणे ही याहून फार मोठी चूक आहे. त्यांपैकी काहींत मोनेन्सिनसारखी औषधे असतात; ती गाईला सोसतात, घोड्याच्या हृदयाला मात्र अगदी थोड्या मात्रेतही घातक ठरतात. भुईमुगाची पेंड वापरायचीच असेल तर ती ताजी असावी. बुरशी लागलेली पेंड, वरून पुसून कितीही स्वच्छ दिसली तरी, टाकून द्यावी.

दोन महिने आहार नीट ठेवूनही नवा केस फिका आणि निस्तेज येत असेल, तर चंदी आणखी वाढविण्याऐवजी डॉक्टरांना बोलवावे. लिदीची तपासणी करून जंतांचे औषध द्यावे. दाढांच्या कडा धारदार होऊन चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून पडत असतील तर दाढा घासून घ्याव्यात. अधूनमधून ताप, घटते वजन आणि पायांवर किंवा पोटाखाली सूज असेल तर सर्रा या माश्यांमुळे पसरणाऱ्या आजारासाठी रक्त तपासावे. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत काही घोड्यांना घाम येणेच थांबते. कामानंतर नाकपुड्या फुललेल्या, धाप लागलेली आणि अंग मात्र कोरडे, असे दिसले तर तो रंगाचा प्रश्न उरत नाही, जनावराला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे. खोगीर लागून पांढरे झालेले केस आणि वयाबरोबर पांढरा होत जाणारा करडा घोडा, या दोहोंवर कोणताही आहार चालत नाही. काही काळे घोडे तर जन्मजातच उन्हात विटणारे असतात; त्यांचा रंग आहाराने सुधारतो, पण ज्येष्ठापर्यंत थोडा तांबूसपणा येतोच आणि तो मालकाने सोसावा.

उरते ती निगा. सकाळी अकरा ते दुपारी चार घोडा सावलीत ठेवावा आणि चरायला पहाटे किंवा रात्री सोडावे. कामावरून आल्यावर घाम वाळण्यापूर्वी साध्या पाण्याने धुवावे. साबण आठवड्यालाही नको, कारण कातडीतून सुटणारे जे तेल केसाला चकाकी देते, तेच तो काढून नेतो. हे तेल केसाच्या टोकापर्यंत पोहोचविण्याचे काम रोजच्या वीस मिनिटांच्या खराऱ्याइतके कोणतीच चंदी करीत नाही.

उपटलेले केस मी तारीख घालून एका जुन्या वहीत चिकटवून ठेवतो. माघात, चैत्रात आणि ज्येष्ठात घेतलेले केस शेजारी ठेवले की फिकेपणा मुळाशी आहे की टोकाला, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. वहीचे पुढचे पान भाद्रपदात लागते. तेव्हा दिवस आखडू लागलेला असतो, उन्हाळी लव सुटू लागते आणि खालून हिवाळी केस येत असतो. जवस आणि खनिज मिश्रण त्याआधी, आषाढातच, पूर्ण मात्रेवर आलेले असावे.